रायमोची वही आणि शेजारचा तंबू

रायमो पेसोनेनने चौतीस वर्षं फोर्सा ते ताम्पेरे बस चालवली आणि त्या चौतीस वर्षांत तो चार वेळा उशिरा पोहोचला. दोन वेळा रस्त्यात एल्क हरणाचं धूड आडवं उभं होतं, एकदा बर्फाने झाड पाडलं होतं, आणि चौथ्या वेळेबद्दल तो आजही बोलत नाही. निवृत्त झाला तेव्हा त्याला निरोपाला घड्याळ दिलं. ज्याला जन्मभर घड्याळाने पळवलं त्याला घड्याळच द्यायचं ही कुठली अक्कल, पण दिलं. बस गेली, प्रवासी गेले, वेळापत्रक मात्र अंगात राहिलं आणि घरच्यांच्या मानगुटीवर बसलं. त्याची बायको सिर्का सगळ्यांना सांगायची, "आमच्याकडे बटाटे शिजत नाहीत, सुटतात. बारा चाळीसला."

या वेळापत्रकाचा कळस म्हणजे जुलैतली केबिनची सहल. हौकीयार्वी तळ्यात जिथे मुस्तायोकी नदी येऊन मिळते, तिथे काठाने पाच-सहा लाकडी केबिनी आहेत. सगळ्यांना माशांची नावं, ती दारावरच्या फळीवर कोरलेली. त्यातली मुइक्कू नावाची केबिन पेसोनेन कुटुंब अकरा वर्षं घेत आलंय. जायचं जुलैत, पण रायमोची निळी वही उघडायची जानेवारीत, तळं गोठून दगड झालेलं असताना. वहीत सामानाच्या एकशे त्रेचाळीस ओळी होत्या. सॉसेज बेचाळीस, शेपूच्या जुड्या चार, डासांचं मलम दोन नळ्या. पहिल्या दिवशी मासे कोण धरणार, दुसऱ्या दिवशी कोण साफ करणार, सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, लाकडं कोण फोडणार, सगळं लिहिलेलं. दुपारी दोन ते दोन चाळीस समोर लिहिलं होतं: मोकळा वेळ, मजा करणे.

हसू नका. त्या माणसाची एक गोष्ट कुणी लक्षात घेत नव्हतं. चौतीस वर्षं थंडीवाऱ्यात माणसं थांब्यावर उभी राहून त्याची वाट बघायची. आता त्याची वाट कोणी बघत नव्हतं. वर्षातला हा एकच आठवडा असा होता की तीन माणसं त्याच्या वेळेवर उठायची, बसायची आणि जेवायची. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, पण वहीला कुणी हात लावला तर त्याचा चेहरा पडायचा.

आणि वहीच धोक्यात आली होती. झालं असं, की गेल्या वर्षी सतरावी ओळ, कॉफी, तिच्यासमोर बरोबरची खूण होती, पण डबा घरी दाराजवळच्या फळीवर राहिला होता. वेळ वाचावा म्हणून रायमोने खुणा आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या. वीस किलोमीटर गेल्यावर सिर्काला डबा आठवला.

"वळव गाडी," ती म्हणाली.

"सुटलेली बस माघारी वळत नाही," रायमो म्हणाला.

आता आमच्यातल्या माणसाला जेवण नाही मिळालं तरी तो तग धरेल, पण कॉफीशिवाय सकाळ म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्या आड बाजूला जवळपास दुकान नाही. सिर्का गुरुवारपर्यंत नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही. परतताना मागच्या सीटवरून त्यांची मुलगी मिन्तु हिने निकाल दिला. मिन्तु नगरपालिकेत परवाने देते, म्हणजे न देणं हेच तिचं मुख्य काम.

"बाबा, पुढच्या वर्षी शेवटची संधी. एक चूक झाली की वही सौनाच्या भट्टीत. आणि त्याच्या पुढच्या वर्षी आपण शहरातल्या त्या पाण्याच्या हॉटेलात जायचं. घसरगुंड्या आहेत, नाश्ता आयता आहे."

"सौना आहे का तिथे?" रायमोने विचारलं.

"आहे की. गाणी लावतात आत," जावई यार्को म्हणाला.

सौनामध्ये गाणी.

म्हणून या वर्षी त्याने कानाला खडा लावला. कॉफी तीन ठिकाणी ठेवली, त्यातली एक पुडी जादा चाकाच्या खाचेत. मे महिन्यात त्याने रंगीत तालीमही घेतली. सगळं सामान गाडीत भरलं, चौघं बसली, नऊ दहाला इंजिन सुरू झालं, गाडीने गल्लीला एक फेरी मारली आणि सगळं सामान परत काढलं. आम्ही शेजारी पडद्याआडून बघत होतो. सिर्का पुढच्या सीटवर मांडीवर माशांचं जाळं घेऊन बसली होती आणि समोर बघत होती. बाईच्या सोशिकपणाला तोड नाही.

पण उंटावरच्या शहाण्याला खालचं दिसत नाही. रायमोची चूक फेब्रुवारीतच होऊन गेली होती, आणि माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रायमो अंगणातला बर्फ उपसत असताना केबिनींच्या मालकीणबाई मिर्याबाई यांचा फोन आला.

"पेसोनेन, घोळ झालाय. माझ्या मुलाने मुइक्कू तुमच्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. तुम्हाला आहवेन देते. सौनाच्या पलीकडची. गाद्या नव्या आहेत."

"हं," रायमो म्हणाला.

"चालेल ना?"

"हं."

"रागावलात का?"

"हं," रायमो म्हणाला, म्हणजे नाही. आमच्याकडे फोनवर एवढं बोलणं म्हणजे गप्पाच झाल्या. वही आत होती, हातात फावडं होतं. त्याने खिशातल्या पेन्सिलीने अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर लिहिलं: आहवेन. डबा पायरीवर ठेवला. शनिवार म्हणजे सौनाचा दिवस. सिर्काने तोच डबा फाडून भट्टी पेटवली. सौना झकास तापली आणि रायमोच्या डोक्यातून आहवेन वाफेबरोबर निघून गेली.

जुलैतल्या त्या शनिवारी सगळं वहीबरहुकूम झालं. नऊ दहाला निघाले, दहा पंचवीसला वाटेत कॉफी, बारा पाचला तळं. गाडी अकरा वर्षांच्या सवयीने मुइक्कूपाशी जाऊन उभी राहिली. किल्ली नेहमीसारखी दारात लावलेली. रायमोने वहीत शेवटची खूण केली आणि दोरीवर टॉवेल वाळत घालताना शिट्टी वाजवू लागला. सिर्काने चमकून बघितलं. त्याची शिट्टी तिने निवृत्तीनंतर ऐकली नव्हती.

बारा चाळीसला एक हिरवी गाडी वळणावर आली, थांबली, चार मिनिटं तशीच उभी राहिली आणि हळूच मागे गेली. तासाभराने अल्डरच्या झाडांमागे, पंचवीस पावलांवर, एक तंबू उभा राहिला. तंबूत एक उंच माणूस आणि एक गोल चेहऱ्याची बाई.

रायमोचं डोकंच फिरलं. आपल्या देशात माणसांपेक्षा तळी जास्त वाटावीत एवढं पाणी. आणि ही माणसं पंचवीस पावलांवर.

"एवढा काठ मोकळा पडलाय," तो कुजबुजला, "आणि यांना आमच्याच उरावर बसायचंय. रीतभात म्हणून काही आहे की नाही?"

"जाऊन विचार ना," सिर्का म्हणाली.

"बोलू? अनोळखी माणसाशी?" रायमोने तिच्याकडे असं बघितलं की तिनेच विषय बदलला.

दुर्बीण ओळ क्रमांक अठ्ठ्याऐंशी. रायमोने ती काढली. तंबूवाला केबिनीकडे बघायचा, रायमो बघतोय असं दिसलं की घाईने तळ्याकडे बघायचा. बाई तर टॉवेलांकडे बघून उसासे टाकायची. "नजर चांगली नाही यांची," रायमोने नोंद केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. पण चोराला स्वतःलाच पत्ता नव्हता, त्याला बिचाऱ्याला तरी काय म्हणायचं.

सौनाच्या पलीकडे आहवेन केबिन रिकामी होती. किल्ली दारात, खिडक्या बंद, धुराडं थंड. रायमो रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन पायरीवर उभा राहायचा आणि तिकडे बोट दाखवून प्रवचन द्यायचा.

"बघा. कुणीतरी गबाळ्याने आरक्षण केलं आणि आलाच नाही. नव्या गाद्या तशाच पडल्या असतील. याला म्हणतात नियोजन नसणं."

"नव्या गाद्या आहेत हे तुम्हाला कसं कळलं, सासरेबुवा?" यार्कोने एकदा विचारलं.

रायमो थबकला. "असतात," तो म्हणाला. आठवण दारापर्यंत आली होती, पण तेवढ्यात आठ वाजले आणि वहीत मासेमारी होती.

रविवारी दुसरीच भानगड झाली. सॉसेज मोजताना चार कमी भरले. सोमवारी आणखी चार. बटाट्यांची एक पाटी अर्धी झाली होती, शेपूची जुडी गायब. रायमो टोपली मांडीवर घेऊन बसला.

"बेचाळीसमधून सोळा खाल्ले. सव्वीस उरायला हवेत. अठरा आहेत. यार्को?"

यार्कोने सिर्काकडे बघितलं, सिर्काने छताकडे. "हो," यार्को म्हणाला. "मीच खाल्ले. भूक आवरत नाही."

"चार-चार? कच्चे?"

"कच्चे," यार्को म्हणाला आणि मान खाली घातली. मिन्तु तोंडावर उशी धरून खोकत होती. वहीच्या शेवटच्या पानावर तिने चुकांचा रकाना आखला होता आणि रोज संध्याकाळी ती त्यात स्वतःच्या हाताने लिहायची. शनिवार शून्य, रविवार शून्य, सोमवार शून्य. सॉसेज खाणं ही जावयाची चूक, वहीची नाही, असा तिने निर्णय दिला. मंगळवारीही शून्य पडलं. रायमोची छाती दोन बोटं फुगली.

बुधवारी दुपारी नदीच्या बाजूने आभाळ काळं झालं आणि असा वारा सुटला की तळ्याचं पाणी धक्क्यावर चढलं. संध्याकाळी सात वाजता रायमो सौनात एकटाच होता. बायका आधीच नाहून गेल्या होत्या, यार्कोला पाच मिनिटांवर गरमी सोसत नाही. बाहेर फाडकन आवाज झाला. रायमोने दार किलकिलं करून पाहिलं. तंबू अल्डरच्या फांदीवर लटकत होता आणि तंबूवाला सौनाच्या पडवीत नखशिखान्त भिजून उभा होता. त्याची बायको कुठे दिसत नव्हती.

आता आमच्यात कितीही वैर असो, तापलेल्या सौनाबाहेर भिजलेला माणूस उभा ठेवायचा नाही. तेवढं पाप कुणी करत नाही.

"भट्टी गरम आहे," रायमो म्हणाला.

"हं," तंबूवाला म्हणाला. कपडे उतरवून आत आला आणि वरच्या फळीवर दूरच्या टोकाला बसला. रायमोने डावाने भट्टीवरच्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ कानांवर आली. दोघं पंधरा मिनिटं भिंतीकडे बघत बसले. मग रायमोने त्याला बर्चच्या डहाळ्यांची जुडी दिली, त्याने पाठ झोडपून घेतली आणि परत केली. आमच्याकडे ओळख अशीच होते.

"काउको लाह्तेला," तंबूवाला म्हणाला.

"रायमो पेसोनेन."

आणखी एक डाव पाणी पडलं.

"मुइक्कूचं छत गळत तर नाही ना?" काउकोने विचारलं.

"नाही. का?"

"बरं झालं. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, यंदाच नवं घातलंय."

"तुम्हाला कशाला म्हणाल्या?"

काउको बादलीकडे बघू लागला. नागड्या माणसाला खोटं बोलणं जड जातं. "केबिन आमच्या नावावर आहे म्हणून," तो म्हणाला. "पण घाई नाही."

रायमोच्या हातातला डाव बादलीत पडला. त्याच्या डोळ्यांपुढे फावडं आलं, मिर्याबाईंचा आवाज आला, अंड्यांचा डबा आला आणि डबा जळतानाचा धूरही आला. नव्या गाद्या. सौनाच्या पलीकडे.

"मग बोलला का नाहीत?" त्याने विचारलं.

"तुमचे टॉवेल वाळत होते."

"मालकीणबाईंना फोन करायचा."

"मग त्या तुम्हाला उठवायला आल्या असत्या. तुमचं सामान फार होतं. माझ्या बायकोने हिशेब केला, परत भरायलाच दीड तास लागला असता."

"अहो, पण चार दिवस तंबूत?"

"आम्हाला वाटलं, बुधवारपर्यंत जातील," काउको म्हणाला. "आज बुधवार."

रायमोने तोंड हातात घेतलं. वाफेत घाम कुठला आणि दुसरं पाणी कुठलं ते कळत नाही, ते एक बरं असतं. "आहवेन आमची आहे," तो म्हणाला. "ती जी चार दिवस रिकामी आहे. तो गबाळा मीच."

काउकोने यावर नीट विचार केला. "म्हणजे पलंग होता," तो म्हणाला.

"होता."

"हं." मग तो सरकून हातभर जवळ आला. "हे बघा, पेसोनेन. आम्ही आता मुकाट्याने आहवेनमध्ये जातो. तंबू मोडला म्हणून गेलो, असं दिसेल. मी काही बोलका माणूस नाही. कुणाला कळायचं नाही."

आता खरी परीक्षा होती बघा. गप्प बसलं की काम फत्ते. वही वाचली, सौनातली गाणी टळली, शून्याखाली शून्य. रायमो पावसातून केबिनीकडे चालत गेला तेव्हा त्याने गप्प बसायचं जवळजवळ नक्की केलं होतं. दार उघडलं. आत चुलीवर पातळ धिरडी चालली होती, आणि टेबलापाशी सिर्काचा झगा घालून, केस टॉवेलात गुंडाळून, तंबूवाली बाई धिरडं खात बसली होती.

"तुइयाबाईंना मीच आत घेतलं," सिर्का म्हणाली. "वहीत नाही, माहीत आहे मला."

मिन्तुने वही पुढे ओढली होती. "या बाबा. बुधवार. चुका किती लिहू?"

रायमोने त्या बाईकडे बघितलं. तिच्या मांडीवर थाळी होती आणि स्वतःच्या केबिनीत ती पाहुण्यासारखी अंग चोरून बसली होती. त्याच्याने राहवलं नाही.

"लिही," तो म्हणाला. "केबिन चुकली. ही यांची आहे. आपली पलीकडची. मिर्याबाईंनी फेब्रुवारीत सांगितलं होतं, मी विसरलो. एवढी मोठी चूक बसमध्ये चौतीस वर्षांत केली नाही. वही दे, मीच नेऊन टाकतो भट्टीत."

कुणीच दचकलं नाही. सिर्काने धिरडं उलटलं.

"मला रविवारपासून माहीत आहे," ती म्हणाली. "बटाटे द्यायला गेले होते तंबूत. यांनी विचारलं, मुइक्कूचे पलंग बरे आहेत ना. मग निघालं सगळं. यांच्या नवऱ्याला मात्र यांनी कळू दिलं नाही."

"रविवारपासून? मग सॉसेज?"

"तंबूत," यार्को म्हणाला. "मी एकही कच्चा खाल्ला नाही, सासरेबुवा. मला वाटलं होतं तुम्ही मला निदान तेवढं तरी ओळखता."

"आणि तू बोलली नाहीस," रायमो सिर्काला म्हणाला.

"मला वाटलं, तू आरक्षण करायचंच विसरलास. यांना म्हटलं, आम्ही निघतो, तर या म्हणाल्या, नको, टॉवेल घातलेत तुम्ही." सिर्काने झारा खाली ठेवला. "आणि तू शिट्टी वाजवत होतास, रायमो. वर्षभर तू खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बसा मोजतोस. मला बघवत नाही. हा एक आठवडा तू शिट्टी वाजवतोस. तो मी मोडायचा होता का?"

तुइयाबाईंनी उठून त्याच्यासाठी खुर्ची सरकवली, म्हणजे त्यांच्याच खुर्चीवर त्याला बसवलं.

मिन्तुने पेन्सिलीला टोक केलं आणि बुधवारसमोर शून्य लिहिलं.

"अगं, खोटं काय लिहितेस?"

"खोटं नाही. चूक शनिवारी झाली. शनिवारचं पान बंद झालंय." तिने तोच चेहरा केला, जो ती परवाना नाकारताना करते. "तुमचाच नियम आहे, बाबा. सुटलेली बस माघारी वळत नाही."

"आणि ते पाण्याचं हॉटेल?"

"सौनात गाणी लावतात तिथे," मिन्तु म्हणाली. "मला काय वेड लागलंय?"

त्या संध्याकाळी कोण कुठल्या केबिनीत जाणार यावर दोन्ही कुटुंबांत एक तास फार सभ्यपणे भांडण झालं. पेसोनेन म्हणाले आम्ही सामान हलवतो. लाह्तेलांनी एकशे त्रेचाळीस ओळींची वही बघितली आणि आपली दोन बोचकी उचलून आहवेनमध्ये निघून गेले. गाद्या खरंच नव्या होत्या. दुसऱ्या सकाळी रायमो कॉफी घेऊन पायरीवर आला तेव्हा आहवेनचं धुराडं धूर सोडत होतं. काउको आपल्या पायरीवर उभा होता. दोघांनी एकदा मान हलवली आणि आत गेले.

आता नवा जानेवारी लागलाय, वही पुन्हा उघडली आहे, मी स्वतः पाहिली. पहिली ओळ सिर्काच्या अक्षरात आहे: दारावरचं नाव वाचणे. सॉसेज पन्नास केलेत. काउकोने तोच आठवडा आणि आहवेनच मागून घेतली आहे, आणि एवढ्या जवळ कुणी आलं तरी रायमोची तक्रार नाही. बुधवारच्या पानावर, संध्याकाळी सात वाजता, त्याने लिहिलंय: सौना, काउकोबरोबर. त्याच्याखाली, बारीक अक्षरात: बोलणे, दहा मिनिटं.